सूर्यभानरावांच्या नाकातलं आवर्तन

सोमवार, एक डिसेंबर. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सूर्यभान औताडे यांनी रंभाजी साळवे यांच्या किटलीचं झाकण उचललं, नाक किटलीच्या तोंडापर्यंत नेलं, डोळे मिटले, खोल श्वास घेतला आणि काहीही झालं नाही.

काहीही न होण्याचं हे अकरावं वर्ष होतं.

बेलापूरच्या अलीकडे, कालव्याच्या पुलाला लागून दूध संघाचं संकलन केंद्र आहे आणि सूर्यभानराव तिथले ग्रेडर आहेत. फॅट मोजायला मशीन आहे, दुधात पाणी किती ते सांगणारी डिग्री बघायलाही आहे. पण दूध आंबायला लागलंय का, त्याला धुराचा किंवा कांद्याच्या पातीचा वास लागलाय का, हे ते टाकीत ओतण्याआधी ग्रेडरच्या नाकानेच सांगायचं असतं. झाकण उचलायचं, हुंगायचं आणि एका शब्दात निकाल द्यायचा: 'घ्या' किंवा 'परत'. रोजच्या बावीस किटल्या, आणि प्रत्येकीमागे एका घराची सकाळ.

अकरा वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात सूर्यभानरावांना सर्दी झाली आणि ती गेलीच नाही. आधी उजवी नाकपुडी बंद झाली, मग डावी. कपाळामागे कायम काहीतरी भरलेलं. नाक बंद असलं की माणूस थोडा पाण्याखाली राहतो. लोकांचे आवाज दुरून येतात, जेवणाला फक्त गरम आणि गार एवढ्याच चवी उरतात, आणि पहाटे धुक्यातून सायकल चालवत येताना आपण रस्त्यावरून चाललोय की कुणाच्या तरी झोपेतून, हे नक्की सांगता येत नाही. सूर्यभानरावांना या अवस्थेची सवय झाली होती. खरं सांगायचं तर थोडी आवडही लागली होती.

प्रश्न फक्त नोकरीचा होता आणि तो त्यांनी पहिल्याच वर्षी सोडवला. ते दूध हुंगायचे आणि माणूस वाचायचे. ज्याचं दूध चांगलं असतं तो पावतीच्या खिडकीकडे बघतो. ज्याने रात्रीचं दूध सकाळच्यात मिसळलंय तो थंडीबद्दल बोलतो. ज्याची गाय आजारी आहे तो दुसऱ्याच्या किटलीकडे बघतो. डोळे मिटताना डावा डोळा किंचित किलकिला ठेवला की हे सगळं दिसतं. या पद्धतीने अकरा वर्षांत फक्त चारदा टाकी बिघडली. हा संघातला विक्रम होता. गेल्या वार्षिक सभेत शाल-श्रीफळ देऊन सूर्यभानरावांचा सत्कार झाला, चेअरमननी त्यांच्या नाकाला संघाची ठेव म्हटलं आणि गुलाबांचा गुच्छ हातात दिला. सूर्यभानरावांनी तो सगळ्यांसमोर बराच वेळ हुंगला. फुलं कापडाची होती, हे त्यांना घरी पत्नी इंदुबाईंनी सांगितलं.

पद्धतीला न बधणारा एकच माणूस होता, रंभाजी. साठीचा, उंच, दोन गायींचा धनी. बायको कलाबाई दोन वर्षांपूर्वी वारली तेव्हापासून एकटाच किटली घेऊन यायचा. तो पावतीकडे बघायचा नाही, थंडीबद्दल बोलायचा नाही. सरळ सूर्यभानरावांच्या तोंडाकडे टक लावून उभा राहायचा. त्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही लिहिलेलं नसायचं. सूर्यभानराव थोडं थांबायचे, थोडं जास्त हुंगल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "घ्या."

त्या सोमवारीही ते "घ्या" म्हणाले. आणि साडेनऊला केंद्राचे व्यवस्थापक हनुमंतराव यांनी मुख्य कार्यालयाचं परिपत्रक वाचून दाखवलं. गुरुवार, अठरा डिसेंबरला सर्व ग्रेडरची गंध चाचणी. पाच झाकलेले ग्लास. किमान चार ओळखायचे. जे नापास होतील त्यांची बदली कोपरगावच्या किटल्या धुण्याच्या विभागात.

"तुम्हाला काय हो," हनुमंतराव म्हणाले, "तुमची नुसती हजेरी."

सूर्यभानरावांनी मान डोलवली. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. कोपरगावची त्यांना भीती नव्हती. गाव चांगलं आहे, नदी आहे. पण शाल पांघरलेल्या माणसाने किटल्या धुवायच्या, आणि त्याही कशासाठी हे सगळ्या तालुक्याला माहीत असताना, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं आणि धुक्यासारखं तिथेच थांबलं. हाताशी सतरा दिवस होते.

डॉक्टरकडे जायला रजा हवी होती. संघाचा रजेचा अर्ज आता मोबाईलवर असतो आणि कारण यादीतून निवडावं लागतं: ताप, पोट, अपघात, प्रसूती, इतर. 'इतर' दाबलं की 'सविस्तर लिहा' असा चौकोन उघडतो. सूर्यभानरावांनी त्यात 'नाक' असं लिहिलं, त्या दोन अक्षरांकडे बराच वेळ पाहिलं आणि पुसून टाकलं. मग 'पोट' निवडलं. खाली सूचना आली: दोन दिवसांहून अधिक रजेस वैद्यकीय प्रमाणपत्र आवश्यक. त्यांनी दोनच दिवस घेतले.

श्रीरामपूरला कान-नाक-घशाच्या डॉक्टर यशोधरा गायकवाड यांनी नाकात नळी घालून पाहिलं. आतलं हाड वाकडं आहे, अस्तर सुजलंय, मागे कफ साठून बसलाय, असं त्या म्हणाल्या. एक फवारा लिहून दिला आणि उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून दिवसातून दोनदा नाक धुवायला सांगितलं. वास परत यायला महिना-दीड महिना लागू शकतो. येईलच असंही नाही. सूर्यभानरावांनी पंधरा दिवसांत काही जमेल का विचारलं. डॉक्टरांनी घाई कसली म्हणून विचारलं. त्यांनी लग्न आहे असं सांगितलं. कुणाचं, ते सांगितलं नाही.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: अकरा वर्षांपासून नाक बंद, गंधज्ञान नाही.

"मॅडम, तेवढं पोटाचं लिहिता का?"

"पोट मी तपासलं नाही, काका."

तो कागद म्हणजे कबुलीजबाब होता. सूर्यभानरावांनी त्याची चार घड्यांची घडी केली आणि घरी येऊन तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवली. वैद्यकीय खर्चाचा अर्ज करायला तो जोडावा लागला असता, म्हणून अर्जही राहिला.

आता नाक धुण्याचं काम सुरू झालं. सूर्यभानरावांची इच्छा होती की ते गुप्त राहावं. पण त्यांच्या आणि शेजारच्या दगडाबाईंच्या घरात एकच भिंत आहे, आणि दगडाबाईंनी या भिंतीतून अकरा वर्षं सूर्यभानरावांचं घोरणं ऐकलंय. सकाळी मोरीतून बैलाने पाणी प्यावं तसे आवाज आल्यावर त्या सरळ आत आल्या. सत्तरीची बाई, नवऱ्यामागे कालव्याच्या खात्यात मजुरीला होती, त्यामुळे पाणी या विषयावर तिचा अधिकार कुणी नाकारत नाही.

"नाक म्हंजे कालव्याची चारी हाय, भाऊसायेब," त्या मोरीच्या दारात बसून म्हणाल्या. "आवर्तन सोडल्याबिगर गाळ निघत न्हाई. पन वरून पानी सोडायच्या आधी खालचं दार उघडं हाय का ते बघाया लागतं. तुमचं खालचं दारच बंद. मग पानी जाईल कुठं?"

पाणी कुठे गेलं हे खरंच कळत नव्हतं. उजव्या नाकपुडीत लोटाभर ओतलं तरी डावीतून थेंब येत नव्हता. आवर्तन कालव्यात सुटलं होतं, पण शेतात पोचत नव्हतं.

दगडाबाईंनी खालचं दार उघडायची जबाबदारी घेतली. तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी आली. उशाला चिरलेला कांदा आला. झोपताना नाकात कोमट तुपाचे दोन थेंब आले. संध्याकाळी निलगिरीच्या पाल्याची वाफ आली, आणि ती घोंगडी पांघरून घ्यायची असल्यामुळे तिच्यात एक वेगळंच जग होतं. त्या काळोख्या उबेत पातेल्यावर वाकून बसलं की सूर्यभानरावांना वाटायचं, आपण वासाच्या दाराबाहेर उभे आहोत. आत कुणीतरी कोथिंबीर चिरतंय, कुणीतरी पावसाने भिजलेली पोती उचलतंय, फक्त दार उघडायला कुणी येत नाहीये.

रजेच्या दुसऱ्या दिवशी असेच ते घोंगडीत असताना हनुमंतराव आजाऱ्याची चौकशी करायला आले. बरोबर मऊ भाताचा डबा होता. घोंगडीखाली वाकलेला, घामाने निथळणारा, मधूनच कण्हणारा माणूस बघून त्यांनी विचारलं, हे पोटासाठी? इंदुबाईंना खोटं बोलता येत नाही. त्या पाणी आणायला आत गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत. दगडाबाईंनी सांगितलं की पोटाचं मूळ वर असतं. सूर्यभानरावांनी हनुमंतरावांसमोर सगळा मऊ भात खाल्ला. पुढचे चार दिवस तो डबा रोज आला.

गुरुवारी कामावर रुजू झाल्यावर ते हजेरीपटावर सही करायला वाकले, आणि सकाळी आत गेलेलं सगळं पाणी त्या क्षणी बाहेर आलं. ते सरळ सहीवर पडलं. शाई पसरली. हनुमंतराव समोर बसले होते. त्यांनी ओला कागद पाहिला, सूर्यभानरावांचे लाल डोळे पाहिले, पोट आठवलं, घोंगडी आठवली. ते उठले, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं की डॉक्टरांनी काही वाईट सांगितलं का.

सूर्यभानराव नाही म्हणाले. पण ते ज्या पद्धतीने नाही म्हणाले, नाक पुसत, त्याचा अर्थ हनुमंतरावांनी लावायचा तो लावला. त्यांनी तो कुणालाही सांगितला नाही. फक्त टँकरच्या ड्रायव्हरला सांगितला, त्याने घरी प्रार्थना करावी म्हणून.

शनिवारपासून बावीसच्या बावीस किटल्यांमागचे चेहरे सारखे दिसू लागले. सगळे हळवे. सगळे ओठ मिटलेले. आंबट दूधवाला हळवा, चांगलं दूधवाला हळवा. पावतीकडे कुणी बघेना, थंडीबद्दल कुणी बोलेना. एकाने किटली खाली ठेवण्याआधी सूर्यभानरावांच्या पायाला हात लावला. त्याचं दूध कसं होतं हे आजतागायत समजलेलं नाही. एका शेतकऱ्याने ओळखीच्या वैद्याचा पत्ता दिला, दुसऱ्याने मुलीकडून राहुरीहून मागवलेली कोरफडीची रोपं आणली. अकरा वर्षं घासून चकचकीत केलेलं यंत्र तीन दिवसांत गंजलं. त्या आठवड्यात दोनदा टाकी बिघडली आणि हनुमंतरावांनी त्याचा अहवाल पाठवला नाही, माणुसकी म्हणून.

एकटा रंभाजी तसाच होता. टक लावून बघणारा. त्या गर्दीत सूर्यभानरावांना तो चेहरा बरा वाटू लागला.

बुधवारी, सतरा तारखेला, म्हणजे चाचणीच्या आदल्या दिवशी, पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी सूर्यभानरावांनी मोरीत वाकून उजव्या नाकपुडीत पाणी सोडलं आणि ते डावीतून आलं. आधी थेंब, मग धार. कपाळामागे बारीकसा टक्क आवाज झाला. मग वास आला.

पहिला मिठाचा. मग मोरीतल्या ओल्या दगडाचा. मग स्वयंपाकघरातून काहीतरी गोड, तेलकट, ओळखीचं. ते इंदुबाईंचं केसाचं तेल होतं. ते अकरा वर्षांत बदललेलं नव्हतं. सूर्यभानराव दारात उभे राहिले आणि इंदुबाई भाकरी थापायच्या थांबल्या. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. ते जरा जवळ जाऊन उभे राहिले. इंदुबाईंना वाटलं, उद्याच्या चाचणीने डोक्यावर परिणाम झाला.

त्या सकाळी ते सायकलवर बसलेच नाहीत, हातात धरून चालत गेले. धुक्याला वास होता. कालव्याच्या पाण्याला होता, आणि पाण्यावर वाकलेल्या घाणेरीला वेगळा होता. उसाने भरलेली ट्रॉली गेली तेव्हा कापलेल्या कांड्यांचा हिरवा गोडवा अंगावर सांडला. लांबून कारखान्याच्या मळीचा वास आला. या वासाला सगळा तालुका नावं ठेवतो. सूर्यभानराव पुलावर उभे राहून तो पोटभर ओढत होते. जणू गावाने इतकी वर्षं त्यांच्यापासून लपवलेलं काहीतरी आज अंथरून ठेवलं होतं आणि त्यावरून पाय न वाजवता चालायचं होतं.

केंद्रावर सहा वाजून पाच मिनिटांनी पहिलं झाकण उघडलं. सूर्यभानराव दचकून मागे सरले. वास भयंकर होता. उग्र, जनावराचा, जिवंत. "परत."

दुसरी किटली, तोच प्रकार. तिसरीत गवत होतं. चौथीत कातडं होतं. दूध असं असतं, हे ते विसरले होते. अकरा वर्षं त्यांच्या मनात दुधाला काहीच वास नव्हता, आणि चांगलं दूध म्हणजे ते, अशी त्यांची समजूत होऊन बसली होती. त्यांनी ओळीने चौदा किटल्या परत केल्या. त्यात चेअरमनच्या मेहुण्याची एक होती. हळवे चेहरे हळूहळू हळवेपण सोडू लागले. "मानूस आजारी हाय म्हनून आमी गप हाय, भाऊसायेब," मागून कुणीतरी म्हणालं, "पन गाय आजारी न्हाई."

पंधरावी रंभाजीची. झाकण उचललं आणि वेगळाच वास आला. किंचित आंबूस, किंचित धुरकट. लहानपणी आई चुलीमागच्या फळीवर विरजणाचं मडकं ठेवायची, त्या कोपऱ्याचा. सूर्यभानरावांचे डोळे भरून आले.

"घ्या," ते म्हणाले.

दहा वाजता, तक्रारींमुळे घेतलेल्या नमुन्यांच्या तपासणीचा निकाल आला. परत केलेल्या चौदाही किटल्या उत्तम होत्या. टाकी बिघडली होती ती रंभाजीच्या दुधाने. हनुमंतरावांनी या वेळी अहवाल पाठवला, कारण मेहुण्याचा फोन त्यांच्याआधी मुख्य कार्यालयात पोचला होता. उत्तर तासाभरात आलं: साळवे यांचं दूध आणखी एकदा आंबट निघाल्यास त्यांचं खातं बंद करावं. ग्रेडर औताडे यांच्याबाबत चाचणीनंतर पाहू.

संध्याकाळपर्यंत नाक पुन्हा बंद झालं होतं. भीतीने झालं की कोरफडीने, हे सांगता येत नाही. दगडाबाईंचं म्हणणं पडलं की आवर्तन संपलं. आता पुढचं कधी सुटेल ते पाटबंधारेवाल्यांनाही ठाऊक नसतं.

गुरुवारी मुख्य कार्यालयात चाचणी झाली. परीक्षक तोंडाला मास्क लावून बसले होते, म्हणजे तो मार्ग बंद. पण ग्लास आणून ठेवणाऱ्या बाईच्या तोंडाला काही नव्हतं. पहिला ग्लास ठेवताना तिने कपाळाला आठ्या घातल्या. सूर्यभानरावांनी 'आंबट' सांगितलं. दुसऱ्याला चेहरा शांत, 'चांगलं'. तिसऱ्याला तिने तोंड फिरवलं; 'धूर'. चौथ्याला डोळे घट्ट मिटले; 'कांदा'. पाचवा ग्लास परीक्षकांनी स्वतः सरकवला. सूर्यभानराव तो बराच वेळ हुंगत राहिले आणि मग 'चांगलं' म्हणाले, कारण कशाबद्दल तरी चांगलं बोलावं असं त्यांना वाटलं.

बाहेर व्हरांड्यात ती बाई गालाला रुमाल लावून बसली होती. सूर्यभानरावांनी सहज विचारलं. सकाळपासून दाढ ठणकत होती.

निकाल शनिवारी, वीस तारखेला, बंद पाकिटात आला. तो घेऊन संघाची टपालाची गाडी पावणेसहालाच येऊन गेली. पाकीट टेबलावर हजेरीपटाशेजारी होतं, आणि हनुमंतराव आल्याशिवाय ते उघडायची पद्धत नव्हती. बाहेर बावीस किटल्यांची रांग धुक्यात उभी होती. सगळ्यात पुढे रंभाजी.

सहा वाजून दहा मिनिटांनी सूर्यभानरावांनी झाकण उचललं आणि नाक खाली नेलं. कपाळामागे सगळं भरलेलं. डावा डोळा किलकिला केला. रंभाजी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता, आणि या वेळी त्या चेहऱ्यावर काहीतरी लिहिलेलं होतं. ती खातं बंद होण्याची भीती होती.

"काय हाय ते सांगा, भाऊसायेब," रंभाजी हळूच म्हणाला. "मला न्हाई कळत."

"काय कळत नाही?"

"वास. माजं नाक कोरोनात गेलं. कला हुती तवर ती हुंगून द्यायची. ती गेल्यापास्नं मी निस्तं तुमचं तोंड बघतो. तुमी घ्या म्हनला की जीव भांड्यात पडतो. त्या दिशी तुमच्या डोळ्यांत पानी आलं, तवा वाटलं, दूध लईच ग्वाड असंल."

सूर्यभानराव झाकण हातात धरून उभे राहिले. दोन वर्षं या किटलीवर वाकून दोन माणसं एकमेकांकडे बघत होती, आणि दुधाकडे कुणीच बघत नव्हतं. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मागची रांग ऐकत होती.

मग त्यांनी कपभर दूध काढलं.

"या," ते म्हणाले.

केंद्राच्या मागच्या खोलीत चहाची शेगडी आहे. दूध आंबलेलं असलं तर उकळताना फाटतं. हे घरोघरी बायकांना माहीत आहे, आणि त्याला नाक लागत नाही. ग्रेडरने रांगेतलं दूध असं तापवून पाहिलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून सूर्यभानरावांनी दार ओढून घेतलं. बाहेर हनुमंतरावांची मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. कुणीतरी त्यांना सांगत होतं की ग्रेडर आणि साळवे आत गेलेत आणि काय करतायत ते माहीत नाही.

दोघं पातेल्यावर वाकले होते. वाफ त्यांच्या चेहऱ्यांवर येत होती, घोंगडीतल्यासारखी, कशाचाच वास नसलेली.

"मलाही येत नाही, रंभाजी," सूर्यभानराव म्हणाले. "अकरा वर्षं झाली."

रंभाजीने पातेल्यावरची नजर हलवली नाही. त्याने विचारलं, "मंग घ्या कसं म्हनायचे?"

"तुमच्याकडे बघून."

सहा वाजून एकोणीस मिनिटांनी पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरले होते. साय हलली होती आणि दूध वर यायला लागलं होतं. अजून फाटलेलं नव्हतं.